जिल्ह्याची दुसरी पसंती

सगळ्या जिल्ह्याने मिळून क्लिफर्ड मॅपलबेकची निवड केली. इतक्या एकमताने त्या भागात कधी कुणाची निवड झाली नव्हती. पण असं काही घडल्याची सरकारदरबारी नोंद नाही, तेव्हा ते घडलंच नाही असं धरून चालू. निदर वॉल्डिंग गावातही सगळे तसंच धरून चालतात.

तर, क्लिफर्ड. जन्मभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त. थोरली बहीण अ‍ॅव्हरिल आणि तो एकाच घरात राहतात, दोघंही बिनलग्नाची. दोघांचा एकमेकांवर जीव आहे असं म्हणायला हरकत नाही, फक्त तसं अजून कुणी म्हटलेलं नाही.

त्यांच्या घरी तीनदा चोर आला. पहिल्यांदा गवत कापायचं यंत्र गेलं. दुसऱ्यांदा त्याच्या जागी आणलेलं नवं यंत्र गेलं. तिसऱ्यांदा काहीच गेलं नाही. रविवारी दोघं चर्चमधून परतली तर मागचं दार उघडं, किटली कोमट आणि सिंकशेजारी एक कप धुऊन पालथा घातलेला. नुसता विसळलेला नव्हता. कानाच्या आतल्या बाजूनेही घासलेला होता, अ‍ॅव्हरिल घासते तसा.

यंत्रांचं अ‍ॅव्हरिलला काही वाटलं नाही. कपाचं वाटलं. चोरी करणारा माणूस समजतो. आपल्याच फडक्याने आपलाच कप आपल्यासारखा घासून ठेवणारा समजत नाही. त्या दिवसापासून तिची झोप गेली. रात्री मागच्या दाराच्या मुठीखाली एक खुर्ची अडकवायची, दुसरीवर स्वतः बसायचं आणि रेडिओवर कुठल्या समुद्रात किती वारा आहे ते ऐकत राहायचं. दिवसा मग ती चालता चालता पेंगायची. एकदा पोस्टाच्या रांगेत उभ्याउभ्याच झोपली. मागचे लोक काही बोलले नाहीत. पोस्ट बंद झालं तेव्हा आपापल्या घरी गेले.

क्लिफर्डने पोलिसांना फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगी फोनवर आली.

"काय चोरीला गेलंय, सर?"

"काही नाही."

"काही मोडतोड?"

"नाही. उलट एक कप स्वच्छ झालाय."

"मग तक्रार काय लिहू?"

"बहीण झोपत नाही."

मुलीने जरा विचार केला आणि त्याला एक गुन्हा क्रमांक दिला. "हा जपून ठेवा हं."

"याचं काय करायचं?"

"विम्याला लागतो."

"झोपेचा विमा नाही काढलेला."

"मग नुसताच जपून ठेवा," ती म्हणाली, आणि यात तिचा काही दोष नव्हता.

गावात पूर्वी पोलिस चौकी होती. हवालदार निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरा आला नाही, आणि चौकी मिसेस पॉस्किटने घेतली. ती कुत्र्यांना अंघोळ घालते, केस कापून देते. दारावरचा पोलिसांचा निळा दिवा तिने तसाच ठेवलाय आणि कोठडीत ओले पूडल वाळवते. निवडणुकीची बातमी पहिल्यांदा तिलाच कळली, कारण कुत्रे पुसायला जुनी वर्तमानपत्रं लागतात.

"क्लिफ, राजा, हे बघ," ती म्हणाली. "प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांवर देखरेख ठेवायला लोकांनी एक माणूस निवडून द्यायचा म्हणे. आयुक्त. पोलिसातला नव्हे, पोलिसांवरचा. टोपी नाही, शिट्टी नाही, पण मोठ्या साहेबाला जाब विचारता येतो. तू उभा राहा."

"मी कशाला?"

"तुझ्या बसमध्ये पोरं कशी गप बसायची. पोलिस काय वेगळे असतात?"

"पोरांना उतरायची घाई असायची."

"मग पोलिसांना नसते?"

 क्लिफर्डने घरी येऊन अ‍ॅव्हरिलला सांगितलं.

"तुला पोलिसांतलं काय कळतं?" ती म्हणाली.

"काही नाही. पण एक हवालदार आणून चौकीत बसवायचा, एवढं कळतं."

"आणि पॉस्किटबाईचे कुत्रे?"

"कुत्रे खाली. हवालदार वरच्या मजल्यावर."

"आणि मग मी झोपायचं."

"मग तू झोपायचंस."

"बघू," अ‍ॅव्हरिल म्हणाली. तिच्या तोंडून 'बघू' निघणं म्हणजे दुसऱ्या कुणी गळ्यात पडून रडण्यासारखं होतं.

क्लिफर्ड उभा राहिला. समोर दोघं होती. मेजर हॅलम-रे यांनी गुन्हेगारांशी कठोर वागण्याचं वचन दिलं होतं. माजी नगराध्यक्षा डोरोथी ग्रिम्स यांनी कठोर पण न्यायाने वागण्याचं. मतभेद तेवढाच, त्यामुळे प्रचारात कटुता आली नाही. उमेदवारांनी आपलं म्हणणं लिहून द्यायचं होतं, तिथे क्लिफर्डने एकच वाक्य लिहिलं: 'आमच्या गावाला एक हवालदार हवा आहे, म्हणजे माझ्या बहिणीला झोप लागेल.' ते जिल्हाभर वाचलं गेलं. कारण उघड होतं, बाकीच्यांची पानं लांबलचक होती. लोकांना ते पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच.

मतदान नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी होतं. गावच्या सभागृहात, जिथे एरवी म्हातारी माणसं सतरंजीवर चेंडू लोटतात. बाहेर कुंपणाला कुत्रे बांधलेले, आत प्लायवूडचे आडोसे आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. मतपत्रिकेवर दोन रकाने होते. पहिल्यात पहिली पसंती, दुसऱ्यात दुसरी. क्लिफर्डने पेन्सिल उचलली, स्वतःचं नाव पाहिलं आणि त्याला लाज वाटली. स्वतःच्या नावापुढे पहिल्या रकान्यात फुली मारायची म्हणजे चारचौघांत ताटलीतलं शेवटचं बिस्किट आपणच उचलायचं. शिवाय सकाळी मेजर गावातून फिरून गेले तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी फाटक धरून ठेवलं होतं. त्याने पहिली फुली मेजरना दिली आणि दुसरी, इकडेतिकडे बघून, स्वतःला.

बाहेर आला तर मिसेस पॉस्किट उभी.

"दिलं हं तुला, क्लिफ."

"पहिलं?"

"पहिलं कसं देणार, राजा? आपण रोजचे ओळखीचे. बरं दिसत नाही. दुसरं दिलं. पण अगदी मनापासून."

दिवसभर गाव त्याच्यापाशी येऊन सांगत होतं. पाद्रीबाबांनी सांगितलं की त्यांच्या हुद्द्याच्या माणसाने पक्षपात करू नये, म्हणून दुसरं. पबवाला म्हणाला, "पहिलं दिलं असतं रे, पण तू निवडून आलास तर संध्याकाळी इथे येणार कोण? तुझ्याशिवाय डॉमिनोजच्या सोंगट्यांच्या डावाला चौथा गडी नाही." अ‍ॅव्हरिलही आली. कपाच्या त्या रविवारपासून पहिल्यांदाच ती पोस्टाच्या पुढे एवढं लांब चालत आली होती. आडोशामागे ती इतका वेळ राहिली की मतदान अधिकाऱ्याने हळूच डोकावून ती जागी आहे ना ते पाहिलं. जागी होती. जाताना भावाकडे पाहून तिने मान हलवली. क्लिफर्डला वाटलं, हिने नक्की पहिलं दिलं.

एकूण तो खुशीतच होता. दुसरं म्हणजे वाईट नव्हे. गावच्या प्रदर्शनात त्याच्या भोपळ्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं तेव्हाही फीत मिळालीच होती.

शुक्रवारी मतमोजणी होती, जिल्ह्याच्या गावी, क्रीडागृहात. बॅडमिंटनच्या रेषांवर टेबलं मांडली होती. मोजणीवरचे अधिकारी लॅथबरी म्हणून होते. शेवटचे नेमके कधी झोपले होते ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं. पहिली पेटी निदर वॉल्डिंगचीच उघडली. मतपत्रिका सरळ करून रचायला लागले आणि क्लिफर्डला दिसलं. जवळजवळ प्रत्येक पत्रिकेवर, दुसऱ्या रकान्यात, त्याच्या नावापुढे फुली. मग दुसरी पेटी, दुसऱ्या गावची. तीच फुली. तिसरी. किनाऱ्याकडची गावं, बीटाच्या शेतांमधली गावं, जिथे त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं, तिथूनही फुल्या येत होत्या, पाहुण्यांनी दाराशी ओळीने काढून ठेवलेल्या बुटांसारख्या. अर्धा जिल्हा मेजरच्या बाजूने होता, अर्धा ग्रिम्सबाईंच्या. पण आपापल्या उमेदवारानंतर लगेच दोन्ही अर्ध्यांचं क्लिफर्डवर एकमत होतं.

"मिस्टर लॅथबरी," तो म्हणाला, "हे कधी मोजणार?"

"हे नाही मोजत."

"का?"

लॅथबरींनी डोळे चोळले. "पहिल्या पसंतीत वरचे दोघे राहतात. तिसरा बाद. मग फक्त त्या बाद झालेल्याच्या पत्रिका घ्यायच्या, त्यांच्यावरची दुसरी पसंती बघायची आणि वरच्या दोघांना वाटायची. तुम्ही बाद झालात. त्यामुळे तुम्हाला मिळालेल्या दुसऱ्या पसंतीचं काही होत नाही."

"पण एवढ्या आहेत."

"आहेत ना. त्या निकालात येत नाहीत. त्या नुसत्या दिसतात."

"तुम्हालाही दिसतात?"

"मला पुष्कळ दिसतं, मिस्टर मॅपलबेक," लॅथबरी थर्मासचं झाकण लावत म्हणाले, आणि मग खालच्या आवाजात, "माझीही दुसरी तुम्हालाच होती."

बाद झालेल्या क्लिफर्डच्या पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आणला. गठ्ठा म्हणजे एक पत्रिका. त्याच्याच गावच्या पेटीतली. पहिल्या रकान्यात त्याच्या नावापुढे फुली, दोन्ही रेघा अगदी सारख्या लांबीच्या. दुसरा रकाना कोरा. कागद काठाला काठ जुळवून चार पदरी दुमडलेला होता, इस्त्रीतून काढल्यासारखा. दुसरी पसंती नाही म्हणून तीही पत्रिका बाजूला गेली. मग व्यासपीठावरून वाचलं: मॅपलबेक, क्लिफर्ड आर्थर, एक. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका मताला वाजवतात त्यापेक्षा जरा जास्तच.

मेजर निवडून आले. त्यांनी येऊन हात हातात घेतला. "मॅपलबेक, तुम्हाला म्हणून सांगतो, माझं दुसरं तुम्हालाच."

"मग आमचा हवालदार?"

"माणसा, मला लोकांनी कठोर व्हायला निवडून दिलंय. हवालदार ठेवा असं म्हणणारं मत एक आलं. एक." त्यांनी खरोखरच वाईट वाटून मान हलवली आणि बाहेर जाताना पुन्हा त्याच्यासाठी दार धरून ठेवलं.

बस गावात पोचली तेव्हा चार वाजून गेले होते आणि अंधारून आलं होतं. अ‍ॅव्हरिल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. खुर्ची मागच्या दाराच्या मुठीखाली लागलेली होती. अंधार लवकर पडला की ती लवकर लावायची.

"किती?" तिने विचारलं.

"एक."

"कुणाचं?"

"तुझं."

अ‍ॅव्हरिलने बटाटा खाली ठेवला. "मी दुसरं दिलं, क्लिफ."

"तू?"

"तुझ्या डोक्यात हवा जाते. लहानपणी पळण्यात पदक मिळालं तेव्हा आठवडाभर ते घालून जेवायला बसायचास. बाबा म्हणाले होते, याला एवढं चढवू नका. मला वाटलं, तू स्वतःला पहिलं दिलं असशील."

"मी मेजरला दिलं."

"का रे?"

"त्याने फाटक धरलं होतं."

अ‍ॅव्हरिलला ते पटलं. घरी शिकवलंच तसं होतं. तिने पुन्हा बटाटा घेतला, मग थांबली. "पॉस्किटबाई?"

"दुसरं. पाद्रीबाबा दुसरं. पबवाला दुसरं. सगळं गाव सांगून गेलं."

"मग हे एक कुणाचं?"

क्लिफर्डने जरा आठवून पाहिलं. "घडी फार छान घातली होती," तो म्हणाला. "काठाला काठ. कुठे डाग नाही."

दोघांनीही सिंककडे पाहिलं. तिथे कप वाळत होते.

"गावातलाच म्हणायचा मेला," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

"यादीत नाव असल्याशिवाय मत देता येत नाही."

"आणि अख्ख्या जिल्ह्यात हवालदार हवा असणारा तो एकटा."

"पहिल्या पसंतीने, हो."

 अ‍ॅव्हरिल उठली, मुठीखालची खुर्ची काढली, हातात धरून उभी राहिली. क्लिफर्डला वाटलं, आता ही वर जाऊन झोपेल.

"म्हणजे त्यालाही झोप लागत नसणार," ती म्हणाली, आणि खुर्ची होती तिथे परत लावून टाकली.

क्लिफर्डने पेन काढलं आणि टेबलावर कोपऱ्यातली जागा पुसून घेतली. अ‍ॅव्हरिलने रेडिओ लावला. उत्तरेकडच्या समुद्रात वारा वाढणार होता.

'माननीय पोलिस आयुक्त (पोलिसांवरचे) यांस. आपल्या निवडीबद्दल अभिनंदन. निदर वॉल्डिंग येथील खाली सही करणारा सविनय विनंती करतो की, तो या जिल्ह्याची दुसरी पसंती असल्याचे आपले मोजणी अधिकारी श्री. लॅथबरी यांनी स्वतः पाहिलेले आहे, तरी ते लक्षात घेऊन, पहिल्या प्रतीचा हवालदार देणे शक्य नसल्यास दुसऱ्या प्रतीचा, वापरलेला किंवा इतर कुणाला नको असलेला एक हवालदार गावच्या जुन्या चौकीच्या वरच्या मजल्यावर नेमण्यात यावा. त्यास कुत्र्यांचे वावडे नसावे. तोपर्यंत, ज्या मतदाराने पहिली पसंती दिली त्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे की, त्याने दिवसाउजेडी, पुढच्या दाराने यावे, चहा तयार असेल, आणि कप धुण्याची तसदी घेऊ नये.'