तेहतिसावा अर्ज

बत्तिसावा अर्ज टेबलावर ठेवून ताईने गठ्ठ्याच्या कडा दोन्ही तळव्यांनी सारख्या केल्या. नकाशा कार्यालयात हरकती घेण्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि टेबलापलीकडे तिचा धाकटा भाऊ बसला होता.

“आमच्या शिवारातले सगळे आहेत. म्हाताऱ्यांना इथवर येववत नाही, म्हणून मीच घेऊन आले.”

अर्ज मोजायच्या निमित्ताने त्याने मान खाली घातली. सगळ्यांची हरकत एकच होती: पिकाची जमीन नकाशात पडीक दाखवली आहे. पडीक ठरलेली जमीन कारखान्यांना जाणार, हे आता पोराटोरांनाही ठाऊक होतं.

“एक वर्ष पीक, एक वर्ष विसावा. आजोबांपासून असंच चालत आलंय,” ताई म्हणाली. “तुमच्या उपग्रहाने नेमका विसाव्याच्या वर्षी फोटो काढला. यंत्राला काय कळणार? तू नको मनाला लावून घेऊस.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्राला खरंच काही कळत नव्हतं, त्याला शिकवावं लागत होतं. पीक असं दिसतं, पडीक असं दिसतं, हे दाखवायला पडद्यावर नमुन्याची एकेक चौकट आखून द्यायची. मग ते त्याबरहुकूम सगळा प्रदेश रंगवत सुटायचं. नमुन्याची जागा आधी स्वतः जाऊन पाहायची, असा नियम होता. पडीक जमिनीच्या वेळी त्याने कंटाळा केला. डोळ्यांसमोर एकच तुकडा आला, चार वर्षांपूर्वी पाहिलेला, गुडघाभर गवत माजलेला. ताईच्याने एकटीने कुठलं होतंय आता, असं मनाशी म्हणत त्याने चौकट आखून टाकली. एक फोन केला असता तरी भागलं असतं. त्या चौकटीवरून यंत्राने अकरा हजार हेक्टर पडीक शोधून दिली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

“ताई, यात तुझा अर्ज दिसत नाही.”

“नाही आणला.”

“का? तुझंही शेत गेलंय की पडीकमध्ये.”

“नकाशावर सही तुझी आहे ना? सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज करू? नको रे बाबा. व्हायचं ते होईल.” तिने पिशवी आवरली. “जेवलास का? तोंड केवढंसं झालंय.”

त्याने खणातून कोरा अर्ज काढला. नाव लिहायला घेतलं तर हात अडेल, या भीतीने आधी कारण लिहिलं: ‘पडीक जमिनीचा नमुना शेत न पाहता, कसणाऱ्याला न विचारता घेतला. त्यावर बेतलेला सगळाच नकाशा चुकीचा आहे.’ खाली नमुन्याच्या शेताचा क्रमांक घातला.

“माझं नाव घालू नकोस हं, सांगून ठेवते.”

“तुझं नाही घालत.”

हरकत घेणाऱ्याच्या जागी त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

ताईने चष्मा लावून वाचला. क्रमांकापाशी तिचं बोट थांबलं.

“हे तर आपलं शेत.”

“हो.”

“एक फोन करायचा होतास.”

कागद गठ्ठ्यावर ठेवून तिने कडा पहिल्यासारख्या सारख्या केल्या.

“पोच दे,” ती म्हणाली. “तेहतीस अर्जांची.”