बौशरचा चढ कोणी चढवला

मी गाडी बोलतेय, आणि रागात बोलतेय. गोड आवाजात आपली कहाणी सांगणाऱ्या गाड्या वेगळ्या, मी त्यातली नाही. माझ्या पुढच्या काचेवर डिंकाचा एक चौकोन अजून तसाच आहे. गेल्या शनिवारपर्यंत तिथे एक कागद चिकटवलेला होता: 'विकणे आहे. एकच मालक, एकच ड्रायव्हर.' मालकाबद्दल माझी तक्रार नाही. पण ड्रायव्हरबद्दल लिहिलेलं साफ खोटं होतं, आणि ते खोटं कपाळावर घेऊन मी मस्कतजवळच्या अल अमेरातच्या उन्हात उभी राहिले. आता चिडू नको तर काय करू?

माझा जन्म जपानचा. मी दोन सीटची, बुटकी, हळदीसारखी पिवळी. बटण दाबलं की माझं छत मागे जातं. आणि मला पेडल तीन आहेत. हे तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा तमाशा त्या तिसऱ्या पेडलाचा आहे. हल्लीच्या ऑटोमॅटिक गाड्यांना दोन पेडल पुरतात, गिअरचं त्या स्वतःच बघून घेतात. माझं तसं नाही. क्लच दाबा, गिअर टाका, क्लच हळूच सोडा. ज्याचा डावा पाय शहाणा, त्याला माझ्यासारखी गुणी गाडी मिळायची नाही.

बोटीतून दुबईला उतरले आणि शोरूमच्या काचेआड उभी राहिले. येणारे-जाणारे आत बसायचे, स्टिअरिंग धरून फोटो काढायचे आणि जायचे. मग एके दिवशी आमचे साहेब आले.

साहेबांचं नाव ॲलॉयसियस. मूळचे वसईचे, मस्कतला कुरुमच्या एका ऑफिसात मॅनेजर. तरुणपणी त्यांच्या पलंगावरच्या भिंतीला स्पोर्ट्स कारचं पोस्टर होतं म्हणे, ते आईने दोनदा फाडलं आणि यांनी दोनदा चिकटवलं. हे ऐकून मला कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. शोरूमच्या माणसाने विचारलं, ऑटोमॅटिक देऊ का? साहेबांनी हात झटकला. खरी स्पोर्ट्स कार म्हणजे मॅन्युअल, बाकी सगळी खेळणी, असं त्याला ऐकवलं. पण इतकी वर्षं हा माणूस कंपनीची ऑटोमॅटिक गाडीच चालवत आला होता, आणि त्यांचा डावा पाय कधीचा पेन्शनीत गेला होता. ते त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

मला न्यायला साहेब आले, तेव्हा सोबत त्यांची बायको इरीन होती. कुरुमच्याच एका क्लिनिकच्या लॅबमध्ये ती काम करते. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत जुने कॅनव्हासचे बूट. साहेबांनी विचारलं, हे गाठोडं कशाला? ती म्हणाली, चालवायला. साहेब हसले आणि पिशवी डिकीत टाकून मोकळे झाले.

त्या बुटांची गोष्ट मला डिकीतच कळली, कारण सामान एकमेकांशी बोलतं. ओमानमध्ये लायसन्स काढणं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. आधी पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यायची, मग चढावर थांबवून मागे न घसरता पुढे न्यायची, मग रस्त्यावरची परीक्षा. इरीन दोनदा नापास झाली. तिची शिकवणारी कुलसुम नावाची ओमानी बाई, रागीट पण जीव लावणारी. चढावर इरीनचा पाय थरथरला की ती म्हणायची, श्वय श्वय, सावकाश, गाडी तुला सांगेल. तिसऱ्या वेळी इरीन पास झाली, तीही मॅन्युअल गाडीवर. मॅन्युअलचंच लायसन्स काढ, असा सल्ला साहेबांनीच दिला होता!

मग ते लायसन्स पर्समध्ये जाऊन बसलं. कंपनीची गाडी दुसऱ्या कोणी चालवायची नाही आणि दोघांच्या कामाच्या वेळा जुळायच्या नाहीत, म्हणून इरीन रोज सकाळी शेअर टॅक्सीत दाटीवाटीने बसून घराजवळचा डोंगर उतरायची आणि संध्याकाळी तशीच चढायची. आपली स्वतःची गाडी आली की तू चालव, असं साहेब म्हणायचे. ती गाडी म्हणजे मी. दुबईहून घरी येताना अर्धा रस्ता तुझा, हा शब्द त्यांनी शोरूमच्या दारात दिला. मी कानांनी ऐकला. मला कान नाहीत म्हणाल, तर ज्याने ऐकला त्याने ऐकला.

आरशाला रोझरी अडकवली, दोघांनी क्रूस काढला आणि आम्ही निघालो. निघालो म्हणजे काय, तीनदा बंद पडून चौथ्यांदा निघालो. दर सिग्नलला साहेब क्लचवर पाय ठेवून बसत, जसा काही तो पाय ठेवायचा पाटच आहे. दुसरा गिअर हवा तिथे चौथा, चौथा हवा तिथे दुसरा. माझे दात खडाखडा वाजत होते. इरीन एकदा हळूच म्हणाली की पाय काढून ठेव, क्लच झिजतो. साहेब म्हणाले, गाडीला सवय होऊ दे. अहो, सवय मला व्हायची होती की तुम्हाला?

हत्ताचे डोंगर सुरू झाले. तपकिरी, उघडेबोडके, मध्येच खजुराचा हिरवा पट्टा. वळणं अशी सुरेख की माझ्यासारखीचा जन्म त्यासाठीच. इरीनने छत उघडायला लावलं, ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि विचारलं, आता देतोस? साहेब म्हणाले, वळणं आहेत, बॉर्डरनंतर घे. बॉर्डरवर कागद झाले, शिक्के झाले. तर म्हणे सोहारनंतर, इथे ट्रक फार. सोहारला पेट्रोल पंपावर दोघांनी कडक चहा घेतला. इरीनने डिकी उघडली, पिशवी काढली, बूट घातले, नाडी बांधली आणि ड्रायव्हरच्या दाराशी येऊन उभी राहिली. साहेब आत बसलेलेच. म्हणाले, आता सरळ रस्ता आहे, कंटाळवाणा, तू जरा डोळा लाव.

इरीनने दार सोडलं. फेरी मारून आपल्या बाजूला येऊन बसली. तिने डोळाही लावला नाही आणि बूटही काढले नाहीत. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. एक बाई बूट घालून दाराशी उभी राहते आणि तिला झोप म्हणून सांगता?

मस्कत आलं. आमचं घर अल अमेरातला, आणि बौशरकडून तिकडे जायचं तर मधला डोंगर चढावा लागतो. तो चढ म्हणजे साधासुधा नाही, भरलेले ट्रकसुद्धा तिथे देवाचं नाव घेतात. संध्याकाळची वेळ, ऑफिसं सुटलेली, आणि वर कुठेतरी एक ट्रक बंद पडलेला. रांग थांबत होती, हातभर पुढे जात होती, परत थांबत होती.

चढावर मी दोन क्षण स्वतःहून धरून राहते. त्यापुढे माणसाने बघायचं. साहेबांनी ब्रेक सोडला, क्लच सोडला, मी बंद. पुन्हा स्टार्ट, पुन्हा बंद. मग घाबरून ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि क्लच अर्धवट सोडून तसाच अडकवून ठेवला. मी जळत होते हो! तो वास ज्याने घेतला असेल त्यालाच कळेल. बॉनेटमधून धूर यायला लागला. पुढच्या खेपेला मी मागे घसरले, आणि मागे पाण्याचा टँकर. त्याने असा हॉर्न दिला की रोझरी हलली. साहेबांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं आणि तोंडाने यल्ला, यल्ला, चल, चल, असं चाललं होतं. जणू मीच हट्टाला पेटले होते.

इरीनने हात पुढे केला आणि हॅण्डब्रेक खस्सकन ओढला.

"ॲलॉय, उतर," ती म्हणाली. "मी घेते."

ते उतरले. टँकरवाल्याच्या देखत दोघांनी जागा बदलल्या. इरीनने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि थोडा वेळ नुसती बसली. मला जरा गार होऊ दिलं. टँकरवाला हॉर्न मारत राहिला, तिने मान वळवली नाही. मग क्लच हळूच वर आणला. मी थरथरले, ती थरथर तिच्या पायाला कळली, आणि तिथेच तिने हॅण्डब्रेक सोडला. तसूभर मागे गेले नाही मी! थांबलो, निघालो, परत थांबलो, परत निघालो. माथ्यापर्यंत तिने मला एकदाही बंद पडू दिलं नाही. ओठातल्या ओठात ती श्वय श्वय म्हणत होती. माथ्यावर वारा लागला आणि अमेरातचे दिवे दिसले, तेव्हा ती मोठ्याने हसली. त्या दिवसात मला राग आला नाही अशी तेवढीच वेळ.

आता खरं ऐका. डोंगर उतरून घराजवळच्या गोल चौकात आलो, तेव्हा साहेबांना कंठ फुटला.

"थांब जरा. इथून मी घेतो. खाली सगळे उभे असतील."

खरंच उभे होते. खालच्या मजल्यावरचे चिपळूणचे जनार्दन, त्यांची बायको जयवंती नारळ घेऊन, आणखी चार बिऱ्हाडं. इरीनने साहेबांकडे पाहिलं.  मग गाडी कडेला घेतली आणि उतरली. आणि साहेब मला घेऊन बिल्डिंगसमोर अवतरले, छत उघडं, कोपर दारावर, चेहऱ्यावर अशी ऐट की वरात निघालीय. जनार्दननी विचारलं, घाटात ट्रॅफिक होता ना? साहेब म्हणाले, एका दमात चढवली. जयवंतीने नारळ फोडला. इरीनने बूट काढून पिशवीत ठेवले.

त्यांची मुलगी मेलनी कॅनडात शिकते, तिचा व्हिडिओ कॉल आला. "डॅडा, यू आर सो कूल, पण त्या माउंटनवर भीती नाही वाटली?" साहेबांनी तिलाही तेच सांगितलं. क्लचमधून वास का येतो म्हणून गॅरेजवाल्याने विचारलं, तर तोंड वर करून म्हणाले, कंपनीनेच माल फालतू लावलाय. माल फालतू? मी?

इरीन त्यानंतर माझ्यात बसली नाही. एकदाही नाही. सकाळी माझ्या बाजूने जायची आणि शेअर टॅक्सीला हात करायची. साहेब शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिसाला जाण्याआधी मला पुसायचे, बिल्डिंगभोवती एक चक्कर मारायचे आणि परत आणून लावायचे. त्या चढाचं त्यांनी नाव काढलं नाही. मला बघितलं की त्यांना तो टँकर आठवत असणार. शेवटी म्हणायला लागले, फार बुटकी आहे, कंबर दुखते. आणि लावला तो कागद.

गेल्या शनिवारी जितेश नावाचा एक तरुण मला बघायला आला. सोहारला नोकरी, स्वभावाने सरळ. त्याने टायर पाहिले, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, काका, खरंच एकट्याने चालवलीय ना? दुसऱ्या कोणाचा पाय लागला की मॅन्युअल गाडी बिघडते. साहेब म्हणाले, माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही. नेमकी इरीन टॅक्सीतून उतरत होती. ती आली, भाजीची पिशवी माझ्या बॉनेटवर ठेवली आणि तो कागद काचेवरून ओढून काढला. निम्मा फाटला.

"मी चालवलीय," ती जितेशला म्हणाली. "बौशरचा चढ मी चढवला. क्लच जळला तो त्याच्या आधी."

साहेब माझ्या चाकाकडे बघत उभे राहिले. जितेश बिचारा अवघडला. मग म्हणाला, चढावर चालवून दाखवता का, म्हणजे मला कळेल. कोणाला विचारलं ते त्यालाच ठाऊक. साहेबांनी खिशातून चावी काढली, मुठीत धरली आणि काही केल्या मूठ उघडेना. इरीनने हात पुढे धरला आणि तशीच वाट बघत उभी राहिली. चावी मिळाली, तेव्हा भाजी साहेबांच्या हातात दिली आणि बूट आणायला वर गेली.

सीट दोनच. साहेब भाजीची पिशवी घेऊन खाली राहिले.

माथ्यावर पोचल्यावर जितेशने सांगितलं की क्लच बदलावा लागेल, बाकी गाडी उत्तम आहे, घ्यायला आवडेल. इरीनने गाडी वळवली आणि म्हणाली, विकायची नाही. हे तिने तेव्हाच ठरवलं की वर जाताना, मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मला घेऊन क्लिनिकला जाते. जळका क्लच सांभाळून, सावकाश.

सगळं छान झालं असं समजू नका. माझा राग उतरलेला नाही. साहेब, तुम्ही अजून खाली उभे राहून जनार्दनना सांगता की गाडी बायकोला देऊन टाकली. देऊन टाकली? क्लचचं सोडा, तो बदलता येतो, ते मी विसरेन. पण रविवारी मेलनीचा फोन येईल आणि ती नेहमीसारखी गाडीचं विचारेल. तेव्हा खाकरू नका, विषय बदलू नका. तिला सांगा, चढ मम्मीने चढवला.