आंब्याला धाक

चंद्रमौळींनी स्टुलावर चढून आंब्याची फांदी खाली ओढली आणि चष्मा कपाळावर सरकवून शेंड्याशी नाक नेलं. शेंड्यावरचा डोळा फुगला होता. कालच्यापेक्षा नक्कीच फुगला होता. त्यांनी नखानं वरचा खवला अलगद सोडवला. आत तांबूस, चिकट, घडी घातलेलं काहीतरी होतं. घडी उलगडली, तर पान निघालं.

“पालवीच,” ते फांदीला म्हणाले आणि तिला सोडून दिलं. ती सपकन वर गेली.

“पडशील रे चंद्रा!” तुळशीपुढं रांगोळी काढता काढता त्यांच्या थोरल्या बहीण त्रिपुराक्का म्हणाल्या. “पेन्शन घेतलीस, नातवंडं खेळवायचं वय झालं, आणि माकडासारखं चढणं काही सुटत नाही तुझं.”

“यंदा हवाच विचित्र आहे, अक्का. थंडी अशी पडलीच नाही.”

“मुदलियारांच्या झाडाला कुठली वेगळी हवा येते?”

कुंपणापलीकडं मुदलियारांचा आंबा मोहरानं पिवळा झाला होता. मद्रासच्या त्या सैदापेटेत वाऱ्याची झुळूक आली की तो वास थेट यांच्या ओसरीवर येई, आणि चंद्रमौळी हातातला पेपर खाली ठेवून उठत. दिवसातून किती वेळा ते स्टूल घेऊन परसात जात याला सुमार नव्हता. कडुनिंब बघत, करंजाची नवी पानं बघत, कोकिळा ओरडली की थांबून ऐकत, आणि पुन्हा आंब्याखाली येऊन मान मोडेपर्यंत वर पाहत.

हा आंबा त्यांच्या बायकोनं लावलेला. लावलेला कसला, तंजावरहून आलेला आंबा खाऊन हात धुताना धनलक्ष्मीनं कोय पायानं मातीत दाबली होती आणि परकराला हात पुसणाऱ्या लेकीकडं, अलमेलूकडं बघून हसत म्हटलं होतं, “याचा पहिला मोहर हिच्या लग्नाच्या कलशात ठेवू.” पुढं धनलक्ष्मी गेली. झाड कौलांच्या वर गेलं. अलमेलू मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. पत्रिकेत मंगळ होता, मद्रासेत आपल्या मराठी बोलणाऱ्यांची घरं मोजकी, आणि जी होती त्यांना सून यायची तर बी.ए. झालेली नको होती. मोहर काही आला नाही.

आता पौषात व्यासराज एक स्थळ घेऊन आला होता. व्यासराज नात्यानं दूरचा, पण लग्नं जमवायची म्हटली की सख्ख्याहून जवळचा. तंजावरच्या कोर्टात कारकून असलेला राघोत्तम, बिजवर, पदरी दोन मुलं. “माणूस सोन्यासारखा,” व्यासराज म्हणाला होता, आणि मग कापीचा घोट घेऊन, “थोडा तापट. पण तो कोर्टाचा गुण.” शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी उत्तर हवं होतं.

अलमेलूला विचारलं, तेव्हा ती वह्या तपासत होती. “तुम्ही सांगाल तसं, अप्पा,” म्हणाली आणि मान खाली घातली. त्या रात्री रसमात मीठ नव्हतं. तिघंही जेवून उठली.

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालताना चंद्रमौळींनी मनाशी ठरवलं: शिवरात्रीपर्यंत आंबा मोहरला, तर धनलक्ष्मीचा कौल समजायचा आणि दुसऱ्या स्थळासाठी थांबायचं, नाही मोहरला, तर राघोत्तमाला हो म्हणायचं. हे त्यांनी एकट्या अक्कांना सांगितलं. अक्कांनी देवापुढं हात जोडले आणि आपल्या नेमात आंब्याला एक प्रदक्षिणा वाढवली.

तेव्हापासून चंद्रमौळींना स्वस्थता नव्हती. त्यांनी झाडाचं पाणी कधीच तोडलं होतं, कारण तहानलेला आंबा लवकर मोहरतो असं ऐकलेलं. मुळं उघडी करून उन्हं दिली. पाचोळ्याचा धूर केला, इतका की अक्का खोकत खोकत पोथी घेऊन ओसरीवर जाऊन बसल्या. झाडानं पालवी दिली. लुसलुशीत, तांबडी, देखणी पालवी. तिच्याकडं बघवत नव्हतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी अक्कांनी रांगोळीचं पात्र खाली ठेवलं.

“याला धाक घालू या,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?”

“आंब्याला. आपल्या आजीनं तंजावरात फणसाला घातला होता, विसरलास? एकानं कोयता घेऊन म्हणायचं, तोडते मी याला. दुसऱ्यानं आडवं येऊन म्हणायचं, नका तोडू, यंदा नक्की धरेल. झाड ऐकतं. फणस लागला होता की नाही?”

“लागला होता,” चंद्रमौळी म्हणाले, आणि त्यांचे डोळे एकदम उजळले. “मी आडवा येतो!”

“तू नको. घरातल्या कुमारिकेनं यावं.”

अलमेलू संध्याकाळी शाळेतून आली, तेव्हा तिच्या बोटांना खडू होता. अत्यानं काय करायचं ते सांगितल्यावर तिला हसू आवरेना.

“अय्यो अत्या, शाळेत कळलं तर मुली मला रोज धाक घालतील.”

“कळतंय कुणाला! फक्त म्हण, नका तोडू, यंदा मोहरेल. एवढंच.”

“सरी, म्हणते तसं,” ती म्हणाली आणि पदर खोचून परसात आली.

ऊन उतरलं होतं. गिंडीच्या कारखान्यांचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. चंद्रमौळी विहिरीच्या काठाला टेकून उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी स्टूलच छातीशी धरलं. अक्कांनी पदर डोक्यावरून घेतला, नारळ सोलायचा कोयता उचलला आणि एरवी देवाशीसुद्धा हळू बोलणाऱ्या त्या बाईनं आवाज चढवला.

“इतकी वर्षं खाल्लंस-प्यालंस, दिलंस काय? सरपणाला तरी उपयोगी पड. तोडते मी याला!”

कोयता वर गेला. अलमेलू पुढं झाली, खोडाला पाठ लावून उभी राहिली. तिच्या ओठांवर अजून हसू होतं.

“नको अत्या,” ती म्हणाली. “राहू दे. नाही मोहरलं तरी राहू दे.”

कोयता तसाच वर राहिला.

“अगं, असं नसतं म्हणायचं! यंदा मोहरेल म्हण.”

“त्याच्या वतीनं मी कसं वचन देऊ?”

“नुसतं म्हणायचं असतं गं! तुझं सगळं यावरच तर…” अक्का थांबल्या. त्यांनी भावाकडं पाहिलं, आणि मग कोयत्याकडं, जणू तो बोलून गेला होता.

अलमेलूनंही वडिलांकडं पाहिलं. त्यांच्या छातीशी धरलेल्या स्टुलाकडं पाहिलं. हसू हळूहळू गेलं. तिनं मागं हात नेला आणि तळवा खोडावर ठेवला.

“नाही मोहरलं तरी राहू दे, अप्पा,” ती म्हणाली. या वेळी ती अत्याशी बोलत नव्हती.

मग ती आत गेली. पाण्याचा आवाज आला. ती हात धूत होती, खडू जाईपर्यंत, आणि त्यानंतरही.

अक्कांनी कोयता विहिरीच्या काठावर ठेवला. जपून, दोन्ही हातांनी. “विधी मोडला,” त्या पुटपुटल्या, आणि थोड्या वेळानं, “मोडू दे.”

शिवरात्र उपासात गेली. अक्का दिवसभर देवळात होत्या. चंद्रमौळी ओसरीवर बसून होते. मुदलियारांच्या मोहराचा वास आला. त्यांनी पेपर खाली ठेवला, तो पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पारण्याच्या तयारीला लागल्या आणि चंद्रमौळी परसात गेले. स्टूल जागेवर नव्हतं. रविवार होता, आंब्याच्या सावलीत ते स्टूल मांडून अलमेलू बसली होती, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, केस मोकळे, वाळत टाकलेले. त्यांनी विहिरीतून पाणी ओढलं. उघडी मुळं मातीनं झाकली, आळं नीट केलं आणि घागरीमागून घागर ओतली. कोरडी माती आवाज करत पाणी प्याली. वरून एक काळा मुंगळा त्यांच्या मनगटावर पडला. त्यांनी तो खोडावर सोडला. तो वर चालू लागला, आणि ते घागर घेऊन वळले.

व्यासराज पहिल्या बसनं आला, छत्री कोपऱ्यात ठेवून ओसरीवर बसला.

“काय ठरलं, मौळी? तिकडं डोळे लावून बसलेत.”

“नाही म्हणून कळवा.”

“नाही?” व्यासराजनं मान लांब करून आत, परसाच्या दाराकडं पाहिलं. अक्कांच्या पोटात काही राहत नाही हे चंद्रमौळींना तेव्हा कळलं. “म्हणजे मोहर आला म्हणायचा!”

“पाहिलं नाही.”

“पाहिलं नाही म्हणजे?”

“झाडाला पाणी घातलं. वर पाहायचं राहिलं.”

व्यासराजला हे काही पटलं नाही. त्यानं गुडघ्यांवर हात टेकले आणि तो उठू लागला. “थांबा, मीच बघून येतो. माझी नजर अजून चांगली आहे.”

चंद्रमौळींनी त्याचा हात धरून त्याला परत बसवलं आणि कापीचा पेला त्याच्याकडं सरकवला.

“बसा,” ते म्हणाले. “तिथं अलमेलू बसलीय.”