सेनगावची पांढरी

मित्रांनो, हिंगोलीच्या एका महाविद्यालयात खिडकीजवळ कापडाखाली झाकलेली पेटी दिसली, तर ती मी. मी एक जुना वर्णपटमापी आहे. माझ्यासमोर चिमूटभर माती ठेवली की मी तिच्यावर प्रकाश टाकतो, परत आलेला प्रकाश रंगारंगाने मोजतो आणि एक वळणदार रेघ काढून देतो. प्रत्येक मातीची रेघ वेगळी असते.

अठरा वर्षे मी हेच केले. प्रयोगशाळेतले नेमसिंगमामा बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत आणि माझी काच मऊ कापडाने पुसत. पूर्वी पाहुणे माझे कौतुक करत. मग नवी यंत्रे आली आणि मी खिडकीकडे सरकलो.

एके दिवशी प्रतिक्षा नावाची विद्यार्थिनी माझ्या जुन्या रेघा संगणकात भरू लागली. देशभरच्या प्रयोगशाळांच्या रेघा इंटरनेटवर एका जागी ठेवायच्या, म्हणजे कोणालाही आपली रेघ त्यांच्याशी ताडून पाहता येईल, असे ठरले होते. मला काही उमगेना. माझी रेघ इथल्या कपाटातही आहे आणि दूर गुवाहाटीच्या संगणकावरही, हे कसे?

महिन्याभराने त्या साठ्याच्या तपासनिसांचे पत्र आले. ‘पांढऱ्या मातीतून इतका कमी प्रकाश परत येत नाही. यंत्र सदोष दिसते. खुलासा न आल्यास त्याच्या सर्व नोंदी काढून टाकू.’

मी गोंधळलो. अठरा वर्षे मी खोटे बोलत होतो की काय?

“मामा, आता हे भंगारात जाणार,” प्रतिक्षा म्हणाली.

“काहून? काय गुन्हा केला त्यानं?”

“पांढऱ्या मातीला काळपट दाखवून राहिलंय.”

“पांढरी माती कुठं भेटली तुला?”

“सेनगावची. चिठ्ठीवर तुमचंच अक्षर आहे. ‘सेनगाव, पांढरी’. मी रंगाच्या रकान्यात पांढरा लिहिलं.”

मामा खाली बसून हसू लागले. “अगं लेकरा, शेताच्या जमिनीला काळी म्हणतात अन् गाव वसतं त्या जागेला पांढरी. तो रंग न्हाई. आमच्या तांड्याची पांढरी तर तांबडी हाय. तिला काय चुना लावून आणू?”

प्रतिक्षाने बाटली उघडली. माती राखाडी होती. मग तिने चिठ्ठीवर ‘पांढरी’ लिहिलेल्या त्रेचाळीस बाटल्या उघडून पाहिल्या, एकेक नोंद दुरुस्त केली आणि खुलासा पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आले, ‘नोंदी मान्य.’

मामांनी त्या दिवशी माझी काच दोनदा पुसली. “चूक तुझी नव्हती बाबा,” ते म्हणाले. “मीच अर्धं लिवलं.”

माझी रेघ एकाच वेळी दोन गावांत कशी राहते, ते मला अजून कळलेले नाही. पण मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसता तशी चिठ्ठीही नीट लिहीत जा. आपल्याला ठाऊक असलेला शब्द दूरच्या माणसाला ठाऊक असतोच असे नाही. मला फक्त प्रकाश मोजता येतो. मातीचे नाव तुम्हालाच सांगावे लागते.