हिरालालजींचं घोडदळ

मनिष चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. खाली पाणी साचू नये म्हणून रात्रंदिवस पंप चालतात, ते चालू ठेवणं त्याचं काम, आणि त्यात त्याला कुणी कधी बोल लावला नाही. पण ड्यूटी संपवून वर आला, आंघोळ-चहा आटोपला, की तो पाचशे वर्षं मागं जायचा. कंपनीच्या क्वार्टरातल्या मागच्या खोलीत त्याची फौज होती. सगळी फिरंगी मुलखातली, तलवारी-भाल्यांच्या जमान्यातली. शिपाई म्हणजे बोटाच्या पेराहून जरा उंच, स्वार त्याहून थोडा मोठा.

हे प्लास्टिकचे शिपाई डब्यातून यायचे ते कापलेल्या कोंबडीसारखे. हात एका पट्टीला, डोकं दुसरीला, ढाल तिसरीला. मनिष एकेक तुकडा ब्लेडनं सोडवायचा, कानशीनं घासायचा, चिकटवायचा, मग सगळ्यांवर काळा हात मारून वर पातळ पातळ रंग चढवायचा. डोळे काढताना श्वास रोखून धरायचा. एकदा नेमकी तेव्हाच शिंक आली आणि एक धनुर्धारी जन्माचा तिरळा झाला. त्याला मनिषनं मागच्या रांगेत उभं केलं. पायाखालच्या चकतीवर तो खाणीतली बारीक काळी कच पसरायचा, त्यावर धानाचा भुसा. फिरंगी फौज अशी चिखल्याच्या मातीत उभी होती.

त्याच्या आईला, यशोदाबाईंना, यातलं काही पटत नव्हतं. घोड्यांच्या अंगावरची खुरांपर्यंत लोंबणारी झूल पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घोड्याले लुगडं काहून नेसवलं रे?" नागपूरचा एक मित्र फासे टाकून या फौजेची लढाई खेळायला मनिषकडे यायचा. त्याचं लग्न झालं आणि तो यायचा बंद झाला. मग मनिष दोन्ही बाजूंनी एकटाच लढू लागला, आणि हरलेल्या बाजूनं स्वतःवरच रुसू लागला. यशोदाबाईंनी मित्राच्या उदाहरणावरून एकच धडा घेतला: लग्न झालं की हा रोग जातो. त्या स्थळं पाहू लागल्या.

कार्तिकात कोंढ्याच्या हिरालालजींची मुलगी रेणू पाहून झाली. नर्सिंग झालेली, भंडाऱ्यात एका दवाखान्यात नोकरीला. सगळ्यांना पसंत पडली. पुढच्या आठवड्यात हिरालालजी आणि रेणूचे मामा गोमाजी घर पाहायला येणार म्हणून निरोप आला.

यशोदाबाईंनी फौज हलवायचा हुकूम काढला. पण मनिषनं आदल्याच संध्याकाळी सगळ्यांना वार्निश मारलं होतं. ओलं वार्निश, एकाला दुसरा लागला की दोघं चिकटून बसणार. शेवटी फौज होती तशी फळ्यांवर उभी करून समोरच्या खोलीतल्या दिवाणाखाली सरकवली, आणि दिवाणावर चादर अशी पसरली की कडा जमिनीला टेकेल.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, पाणी कुठून येते, लाइट जाते काय, हे विचारून झालं. हिरालालजी मोजकं बोलणारे, सावकाश चालणारे शेतकरी. सुपारी कातरता कातरता त्यांच्या हातून अडकित्ता निसटला आणि दिवाणाखाली गेला. मनिष उठेपर्यंत त्यांनी वाकून चादर वर केली होती. मग ते तसेच वाकून राहिले. इतका वेळ, की गोमाजींना वाटलं यांची कंबर धरली.

"हे काय आहे?" त्यांनी खालूनच विचारलं.

"लेकराचे खेळणे आहेत जी," यशोदाबाई घाईनं म्हणाल्या.

हिरालालजी हळूहळू सरळ झाले. "कोणाच्या लेकराचे?"

आपण काय बोलून बसलो हे यशोदाबाईंना आत्ता कळलं. गोमाजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि भाऊजींकडे पाहत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोट्टा बिनलग्नाचा आहे म्हणून सांगतलं होतं ना आपल्याले?"

आता खरं सांगण्यावाचून मनिषला गत्यंतर नव्हतं. "माह्येच आहेत, काकाजी. मीच बनवतो, मीच रंगवतो," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

गोमाजींना हे पहिल्याहून वाईट वाटलं. हिरालालजींनी मात्र सुपारी गालात सरकवली आणि म्हणाले, "बाहेर काढ."

फळ्या बाहेर आल्या. वार्निश एव्हाना वाळलं होतं. हिरालालजी मांडी घालून जमिनीवर बसले. एकेक स्वार उचलून, डोळ्याजवळ नेऊन पाहू लागले. लगाम पाहिला, रिकीब पाहिली, ढालीवरचा बारीक सिंह पाहिला. हे लढतात कसे, असं त्यांनी विचारलं. मनिषनं टेप आणि फासे आणले. तपकिरी चादर म्हणजे मैदान, यशोदाबाईंचा निळा स्कार्फ नदी, नदीकाठी पोत्याचा तुकडा म्हणजे दलदल. कोण किती बोटं सरकतो, फाशावर किती पडलं की मरतो, हे त्यानं समजावलं. दलदलीत घोडे फसतात, हेही सांगितलं.

हिरालालजींनी घोडे मागून घेतले. पायदळात तर आपण जन्मभर आहोतच, असं त्यांचं म्हणणं. आणि पहिल्याच चालीला त्यांनी सगळं घोडदळ पोत्याच्या तुकड्याकडे सोडलं.

"काकाजी, तो चिखल आहे," मनिष म्हणाला.

"माह्या जन्म धानाच्या बांधीत गेला, बाबू. चिखल तू मले शिकवू नको."

घोडे चिखलात शिरले आणि तिथंच राहिले. मनिषच्या धनुर्धाऱ्यांनी एकेक करून त्यांना टिपलं. दोन तर त्या तिरळ्यानंच पाडले. हिरालालजी फासे उलटसुलट करून पाहू लागले, त्यात काही भरलेलं आहे काय म्हणून. मग दुसरा डाव मांडला. त्यातही घोडे त्याच चिखलातून गेले, कारण मागं सरणं हिरालालजींच्या स्वभावात नव्हतं. गोमाजी मधूनमधून बसच्या थांब्यावर जाऊन येत होते, आणि तुमसरची बस निघून गेल्याचं सांगायला आले तेव्हा घर कसं आहे हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. शेवटी खाणीच्या एका जीपमध्ये दोघांना बसवून दिलं. जाताना हिरालालजींनी दारात यशोदाबाईंना हात जोडले, पण पाहत होते फळ्यांकडे.

यशोदाबाईंनी याचा अर्थ होकार असा घेतला.

दोन-चार दिवसांनी रेणूचा फोन आला, सरळ मनिषलाच. तिनं स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात तिचं काम ठरलं होतं आणि लग्नाची तिला घाई नव्हती. बाहुल्यांबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती. पाहायला आला त्या दिवशी मनिषनं तिला एकच प्रश्न विचारला होता: या रंगाला काय म्हणतात? राणी कलर, असं तिनं सांगितलं होतं.

"तुम्ही मले पाहाले आले आन ओढणी पाहून गेले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग म्हणाली, बाबा आता जेवताना वाट्या-पेल्यांची फौज मांडून बसतात, त्यांना तुम्ही हे काय लावून दिलं?

तिचं म्हणणं खरं होतं. झेंडेकऱ्याच्या निशाणासाठी मनिष कित्येक आठवडे तोच गुलाबी शोधत होता, आणि त्या दिवसानंतर निशाण अगदी बरोबर जमलं होतं. तिचा चेहरा मात्र आता आठवू म्हटलं तरी आठवत नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं ब्रश धुऊन ठेवले आणि मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

रविवारी सकाळी दारात हिरालालजी. पहाटे कोंढ्याहून निघून, भंडाऱ्याला बस बदलून, तुमसरला पुन्हा बदलून आलेले. हातात नव्या तांदळाची पिशवी, वर वांगी. मुलीचं मन वळलं असेल म्हणून यशोदाबाई पाण्याचा पेला घेऊन धावल्या.

"पोरीचं पोरीनं ठरवलं, बाई. त्यात मी पडत नाही," हिरालालजी चपला काढत म्हणाले. "मी तं लढाईसाठी आलो."

यशोदाबाईंनी पेला तिथंच ओट्यावर ठेवला.

त्या दिवशी हिरालालजी तिन्ही डाव हरले. मग दर रविवारी येऊ लागले. मळणी उरकली होती, हाताला काम नव्हतं. एक दिवस त्यांनी एक घोडा स्वतः रंगवायला मागितला. जीभ बाहेर काढून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणून दुपारभर रंगवला. घोडा हिरवागार झाला. असा रंग का, म्हणून मनिषनं विचारलं, तर म्हणाले, चिखलातून जाताना दिसला नाही पाहिजे.

शेजारणी विचारायच्या, व्याही आले काय? यशोदाबाईंना या नात्याला नाव सापडत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, एवढंच त्या म्हणायच्या, आणि त्याच्यासाठी वेगळी फिकी भाजी काढून ठेवायच्या. एकदा रंग वाळायची वाट पाहत असताना हिरालालजी सहज बोलून गेले, "बायको गेल्यावर रेणू होती. आता पोरगी नागपूरले. घरी मी गायीशीच बोलत राहतो." मनिषनं डब्यातलं आणखी एक घोडं काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

माघात मोहाडीकडचं स्थळ आलं. मुलगी नंदिनी, जनावरांच्या दवाखान्यात कामाला. पाहायला जाताना वडीलधारा पुरुष हवा म्हणून हिरालालजी स्वच्छ गमछा टाकून बरोबर निघाले. बसमध्ये त्यांनी मनिषला बजावलं की तोंड पाहजो, बाकी काही पाहू नको. तिथं पोचल्यावर चहा यायच्या आत त्यांनी जाहीर करून टाकलं की पोरगा बाहुले रंगवतो, दर रविवारी आम्ही दोघं त्यांची लढाई लावतो, आताच ऐकून घ्या, मागून बोंब नको. आणि नमुना म्हणून खिशातून आपला हिरवा घोडा काढून सगळ्यांसमोर ठेवला.

मुलीचे वडील आढ्याकडे पाहू लागले. नंदिनीनं घोडा उचलला, पोट पाहिलं, पाय पाहिले.

"याले झालं काय?" तिनं विचारलं.

हिरालालजी दुखावले. मनिष मात्र हसला, आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. हनुवटीवर बारीक खूण होती, आणि ती हसू दाबत होती. त्यानं तिला विचारलं की तिच्या दवाखान्यात घोडे येतात काय. ती म्हणाली, येत नाहीत, बैल येतात आणि लाथा घालतात. मग खूण कशाची ते तिनं आपणहून सांगितलं. नंतर तिनंच विचारलं, दोघांच्या लढाईत जिंकते कोण?

"मी," हिरालालजी म्हणाले.

सबंध हिवाळ्यात ते एकदा जिंकले होते, तेही मनिष चहा आणायला गेला असताना. मनिषनं त्यांच्याकडे पाहिलं. ते ताठ बसून समोर पाहत होते.

"हो, काकाजीच," तो म्हणाला. नंदिनीनं एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

होकार आठवड्याभरात आला. तारीख वैशाखातल्या एका रविवारची निघाली. हिरालालजींनी फोनवर बरीच कुरकुर केली, दुसरा वार नव्हता काय म्हणून, आणि मग त्या एका रविवारापुरता तह करायला कबूल झाले.