कोकिळाबाईंची वेतनवाढ

"ताई, पेढ्याचे पैसे तुमी नका देऊ," रजत म्हणाला.

कोकिळाबाईंच्या हातातली नोट हातातच राहिली. जुलैची वेतनवाढ लागली की राळेगावच्या त्या सरकारी कार्यालयात सगळे मिळून पेढे आणत. त्या दर वर्षी वर्गणी देत आल्या होत्या. त्यांना स्वतःला वेतनवाढ एकदाही लागली नव्हती.

"काहून? मी पेढे खात नाही का?"

"तसं नाही ना. निकाल आला. टायपिंगात याही टायमाले नाही निघाल्या तुमी."

नवरा इथेच लिपिक होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्यांना नोकरी मिळाली. टायपिंग पास होईपर्यंत वेतनवाढ नाही, ही अट होती.

आस्थापनेचं काम रजतकडे नुकतंच आलं होतं. त्यांच्या ताठ बोटांकडे पाहत त्याने विचारलं, "बोटाईले काय झालं?"

"कडबा कुट्टीत हात गेलता. लग्नाच्या साली. दोन बोटं वाकतच नाहीत."

"मंग परीक्षा कायले देऊन राह्यल्या? यवतमाळले तपासून घ्या, दाखला काढा. सूट मागता येते."

"अन् साहेबानं विचारलं, नोकरीले लागतानी धडधाकट कशी होती, तं?"

नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीला दीर सोबत होता. "वहिनी, हात झाकून ठेवा. नाही तं ही नोकरीही जाईन," तो म्हणाला होता. गर्दी होती, डॉक्टरांनी रक्तदाब पाहून सही केली. जुनी दुखापत विचारणाऱ्या रकान्यात कोकिळाबाईंनीच लिहिलं होतं : निरंक.

हे त्यांनी रजतला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "ताई, तुमी मले काही सांगतलंच नाही. समजलं?"

त्याने ते मायेनेच म्हटलं. सुटकेची वाट त्यानेही बंद केली, हे त्यांना कळलं. त्यांनी नोट वर्गणीत टाकली.

दुपारी पेढे वाटले गेले. बाकीच्यांच्या वेतनवाढीचे आदेश दुसऱ्या दिवशी सकाळी सहीला जायचे होते, म्हणून कोकिळाबाई ते टाइप करायला बसल्या. संध्याकाळी कार्यालय रिकामं झालं तरी त्या उठल्या नाहीत.

शिपाई उकंडा किल्ल्या घेऊन आला. "मॅडम, कुलूप लावू का? माही एसटी चालली जाईन."

"थांबा जरा, उकंडाभाऊ. एक आदेश राह्यला."

"तुमचा का?"

"नाही. तुमचा."

उकंडा दारातच उभा राहिला. कोकिळाबाई एकेक अक्षर शोधत त्याचं नाव लिहू लागल्या.