पुढच्यासाठी मांडलेली चूल

"आधी पुढच्यासाठी चूल मांड, मग दार ओढ. आणि काड्यांची डबी उघडी ठेव, पोरी. गारठलेल्या बोटांना झाकण निघत नाही."

एलायसमामाचं हे सांगणं विनिफ्रेडच्या कानात गेली पन्नास वर्षं होतं. मामा सापळे लावणारा माणूस. उत्तर कॅनडात युकॉनच्या डोंगरातल्या त्याच्या खोपटांना कधी कुलूप नव्हतं; वाट चुकलेल्याची पहिली गरज आग असते, एवढंच तो म्हणायचा. काल संध्याकाळी खिंडीत गारांचा मारा सुरू झाला, मोटारसायकलचं हँडल हातात आहे की नाही तेही कळेना, तेव्हा तिला आधी आठवलं ते ओढ्याकाठचं असंच एक खोपट.

तिघं होती. ॲम्ब्रोजने तीस वर्षं याच खडीच्या रस्त्यावर खडी सपाट करणारा ग्रेडर चालवलेला. रस्त्याविषयी तो घरच्या गाईविषयी बोलावं तसं बोलायचा. कॉर्लिसची व्हाइटहॉर्स शहरात बेकरी, आणि जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार. उत्तरेच्या समुद्रापर्यंत मोटारसायकलने जायचं हे तिघांनी अकरा उन्हाळ्यांपूर्वी ठरवलं होतं. दर वर्षी कुणाचा गुडघा तरी आडवा यायचा, नाहीतर कुणाचं नातवंड. यंदा निघाली खरी. विनिफ्रेड एकसष्टची झाली होती आणि परतल्यावर गाडी विकायची हे तिने पक्कं केलं होतं.

खोपटातली चूल मांडलेली होती. खाली भूर्जाची साल, तिच्यावर बोटाएवढ्या ढलप्या, वर मनगटाएवढी लाकडं. शेजारी फळीवर पत्र्याची लाल डबी उघडीच, तीन काड्या डोकं बाहेर काढून बसलेल्या. विनिफ्रेडची बोटं मिटत नव्हती. तिने दोन तळव्यांत काडी धरून ओढली, आणि पहिल्याच काडीला सालीने पेट घेतला.

"कोणी मांडली असेल गं?" कॉर्लिस दात वाजवत म्हणाली. "सापडला तर लग्न करीन त्याच्याशी."

"बाई असली तर?" ॲम्ब्रोज म्हणाला.

"तर तुझं लावून देईन. तुला कोणीतरी शिस्त लावायला हवीच."

विनिफ्रेड हसली, पण तिची नजर त्या ढलप्यांवरून हलेना. सगळ्या सारख्या, सुकलेल्या, एकीवर एक आडव्या. कधीच न दिसणाऱ्या माणसासाठी कुणीतरी एवढ्या निगुतीने हात चालवले होते. तिने मनातल्या मनात त्या हातांना नमस्कार केला.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. डोंगरांच्या माथ्यावर कालच्या गारा पांढऱ्या, खाली उतारभर लाल-पिवळी झुडपं, आणि मधून कॅरिबू हरणांची लांब ओळ घाई न करता चाललेली. विनिफ्रेडचा नेम होता: दिवसाचा पहिला शब्द देवाशी. ती ओढ्याकाठी गुडघे टेकून बसली. मागून ॲम्ब्रोजच्या हाका आल्या, "आटपा, चिखल आत्ता बसलाय, दुपारी परत निसरडा होईल." ती उठून थेट गाडीवरच बसली.

ॲम्ब्रोज पुढे. रस्ता ओलाव्याने चकाकला की तो कडेला जाई, मळकट, कोरडा दिसला की मध्ये येई, आणि मागच्या दोघी त्याच्या चाकोरीतून नेमक्या जात. तीस वर्षं ज्या रस्त्याची पाठ त्याने सपाट केली, तो रस्ता आता त्याला कुठे घसरायचं ते आधीच सांगत होता. दरी ओलांडून वर आल्यावर पुढे डोंगरांमागे डोंगर, त्यांच्यामागे आणखी डोंगर, आणि माणसाचं चिन्ह एकही नाही. विनिफ्रेडचा ऊर भरून आला. हे सगळं कुणी बघो न बघो, असंच उभं असतं.

पन्नासेक किलोमीटरवर समोरून चढावर सायकल ढकलत एक मुलगी आली. ओडील नाव, क्यूबेकची, एकटीच समुद्राकडून परतत होती. अशा ठिकाणी कोणी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. तिघं थांबली.

"बर्नर बिघडलाय," ती म्हणाली. "लायटर ओढ्यात भिजला. पेट्रोलचं ठाणं सोडलं तेव्हापासून थंड ओट्स खातेय. पण ठीक आहे."

"ओठ निळे झालेत, म्हणे ठीक आहे," कॉर्लिसने तिच्या हातात अर्धा केक कोंबला.

"पुढे ओढ्याकाठी खोपट आहे," विनिफ्रेड म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पोचशील. चूल मांडून ठेवली आहे बाळा, तू फक्त काडी ओढ."

"खरंच?"

"माझा शब्द."

मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून विनिफ्रेड पुढचे साठ किलोमीटर आनंदात होती.

पेट्रोलच्या ठाण्यावर पोचेपर्यंत ॲम्ब्रोजच्या मागच्या टायरला भोक पडलं होतं. तिघांनी गरम सूप मागवलं. पंपावरची बाई म्हणाली, "पुढे जायचं तर आजच नदी ओलांडा. पाणी चढतंय, उद्या फेरीबोट बंद. आणि मागे खिंडीत रात्री बर्फ पडणार आहे."

ॲम्ब्रोजने पाइप काढला, खिसा चाचपला आणि टेबलावर डबी ठेवली. पत्र्याची, लाल.

खोपटातल्या फळीवरची.

"चुकून आली," ॲम्ब्रोज हळू म्हणाला. "सकाळी पाइप पेटवला, आणि सवयीने खिशात."

"आणि चूल?" विनिफ्रेडने विचारलं. "मांडलीस ना?"

"मी? शेवटी तू होतीस की मागे."

"मी ओढ्यावर होते."

"मला वाटलं तू मांडून मगच गेलीस," कॉर्लिस म्हणाली. "तू नेहमीच मांडतेस, विनी. म्हणून तर आम्ही बघतसुद्धा नाही."

कुणाचंच खोटं नव्हतं. सुकी ढलपी एकही उरली नव्हती, हेही आता तिघांना आठवलं. रात्री त्यांनीच सगळ्या जाळल्या होत्या. विनिफ्रेडला ओढ्याकाठचे आपले गुडघे आठवले. ती देवाशी बोलत होती, आणि वीस पावलांवर चूल रिकामी होती.

"खाली खिंडीकडे जाणारं कोणी आहे?" तिने पंपावरच्या बाईला विचारलं.

"दोन ट्रक आहेत. निघतील उद्या सकाळी."

"ती तंबू लावेल गं," कॉर्लिस म्हणाली, पण तिचाच आवाज पडला. "पण तिचे कपडे ओले असतील तर?"

"मी जातो," ॲम्ब्रोज उठला.

"मागच्या टायरला भोक घेऊन?" विनिफ्रेड म्हणाली. "बस. तू तासभर तरी इथून हलत नाहीस."

"मग थांब ना तासभर, टायर झाला की मी जातो. अकरा वर्षं थांबलो, विनी. समुद्र उद्यावर आलाय."

विनिफ्रेडने सूप संपवलं, वाडगा नेऊन ठेवला. तिने ठाण्याच्या मागे जाऊन पंपावरच्या बाईकडून सुक्या ढलप्यांची मोळी मागून घेतली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि मागच्या सीटवर बांधायला लागली. दोरीचं दुसरं टोक कोणीतरी धरलं. कॉर्लिस होती. तिने गाठ मारली, ओढून पाहिली, आणि उरलेला केक विनिफ्रेडच्या पिशवीत सरकवला.

"शब्द देताना मी पण तिथेच उभी होते," ती म्हणाली.

"तू ॲम्ब्रोजबरोबर जा," विनिफ्रेड म्हणाली. "तुमच्यातल्या एकाने तरी तो समुद्र मला नीट सांगायला हवा. ॲम्ब्रोज फक्त रस्त्याचंच सांगेल."

कॉर्लिसने मान हलवली आणि ती आत गेली, मागे न बघता.

विनिफ्रेडने लाल डबी रुमालात गुंडाळून आतल्या खिशात, छातीशी ठेवली. दक्षिणेला खिंडीवर ढग उतरायला लागले होते. रस्ता चकाकत नव्हता अजून. आवाज ऐकून ॲम्ब्रोज अडवायला येऊ नये म्हणून तिने गाडी उतारापर्यंत ढकलत नेली, मग चालू केली आणि आल्या वाटेने निघाली.